चिठ्ठी नको, शेजारची खोली द्या

सांगलीत एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात मी काउन्सेलर म्हणून बसते, आठवड्यातल्या काही सकाळी. बाहेर माझी वेगळी पाटी नाही आणि ती मुद्दामच लावलेली नाही, कारण 'मानसोपचार' लिहिलेल्या दारात शिरताना माणूस आधी मागं वळून बघतो, घरात पोरीचं लग्न जमवायचं असतं, सोयऱ्याधायऱ्यांपैकी कोणी बघितलं तर? डॉक्टरांच्या बाकावर बसलेल्याला कोणी काही विचारत नाही, सर्दी असेल नाहीतर शुगर असेल.

मैत्रिणी म्हणतात मिरजेला जा की, अख्खं गाव हॉस्पिटलांचं. खरंय, पण ज्याची झोप उडालीय, ज्याचं कशात मन लागत नाही तो माणूस मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलात सगळ्यात शेवटी जातो. पहिल्यांदा तो गल्लीतल्या डॉक्टरकडंच येतो आणि तेही अंगाची तक्रार घेऊन. "पित्त लई वाढलंय, डोकं उठतंय, हातापायाला मुंग्या येत्यात, छातीत धडधडतंय, एक सलाईन लावून टाका की ओ." सलाईन लागतं, दोन दिवस हुशारी वाटते, मग परत तेच बाक. बायकांचं तर अजून वेगळं. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या टीमनं अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांचा अभ्यास केला, तर त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा उदासी आणि ताणाशी जास्त घट्ट निघाला. आपल्याकडं मात्र अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स चालू. (तपासायचं नाही असं नाही हं, तपासायचंच, फक्त तिथं थांबायचं नाही.)

आधी आमचे डॉक्टर अशा पेशंटला चिठ्ठी लिहून द्यायचे, अमुक मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हणून. ती चिठ्ठी पर्समध्ये जायची आणि तिथंच रहायची. चूक पेशंटची नाही ओ, आधी डॉक्टर म्हणणार "रिपोर्ट सगळे नॉर्मल, तुम्हाला काही झालेलं नाही" आणि लगेच हातात चिठ्ठी देणार, म्हणजे त्या बाईनं काय समजायचं, की मी नाटक करतीय का मला वेड लागलंय? 'काही झालेलं नाही' ह्या वाक्यावरून माझी कितीतरी डॉक्टरांशी वादावादी झालीय. झालेलं असतं. ईसीजीत दिसत नाही एवढंच.

आता डॉक्टर स्वतः उठतात, पेशंटला माझ्या खोलीत घेऊन येतात आणि सांगतात, "ह्या आमच्याच मॅडम, झोपेचं आणि धडधडीचं ह्यांच्याशी बोला, गोळ्यांचं मी बघतो." दोन वाक्यं, पण डॉक्टरांवरचा विश्वास त्या दारातून माझ्याकडं चालत येतो. केसपेपर एकच. त्यावर मी झोप कशी आहे, उदासीचा स्कोअर किती आणि पुढची तारीख एवढंच लिहिते. सासू काय म्हणाली, नवरा किती पितो हे लिहीत नाही, कारण कंपाउंडर कोणाचातरी मेव्हणा असतोच.

नुसतं शेजारी बसून भागत नाही हेही सांगते. अमेरिकेत २००२ साली एक मोठा अभ्यास छापून आला होता, १८ दवाखान्यांतल्या साठीपुढच्या १८०१ उदास लोकांचा. दवाखान्यातच एक नर्स किंवा सायकॉलॉजिस्ट पेशंटची यादी सांभाळणार, फोन करून विचारणार, ठराविक दिवसांनी स्कोअर मोजणार, फरक पडत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून उपचार बदलणार, असं ते काम. वर्षभरानं ह्या लोकांपैकी ४५ टक्के जणांचा त्रास निम्मा किंवा त्याहून कमी झाला, नेहमीच्या पद्धतीनं उपचार घेणाऱ्यांत फक्त १९ टक्के. म्हणजे खरं काम ती यादी करते. आणि गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत तर डिग्री नसलेल्या, तिथल्याच माणसांना ट्रेनिंग देऊन हे केलं, सहा ते आठ भेटी, माणसाला परत हळूहळू कामाला, फिरायला, चार लोकांत लावायचं, २०१७ मध्ये त्याचे चांगले निकाल छापून आले. माझ्यासारख्या एमए झालेल्यांना हे जरा झोंबतं, पण आनंदही वाटतो.

स्कोअरसाठी आम्ही नऊ ठरलेले प्रश्न वापरतो, मागच्या पंधरा दिवसांत झोप, भूक, थकवा, रस, एकाग्रता कशी होती, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, एकूण २७. कागद हातात दिला की पेशंट शाळेच्या पेपरसारखा बघतो म्हणून मी बोलता बोलताच विचारते. नववा प्रश्न जीव नकोसा वाटतो का हा असतो आणि तो गाळायचा नाही. तासगावकडचा द्राक्षबागायतदार असेल, गारपिटीनं बाग गेली, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, तर माझ्या बोलण्यानं कर्ज फिटत नाही हे मला कळतं आणि त्याच्या चिंतेला आजाराचं नाव चिकटवायची मला घाईही नसते. पण फवारणीचं औषध कुठं ठेवता हे विचारतेच. घरात असेल तर कुलूप लावा आणि किल्ली भावाकडं द्या, हे डॉक्टर आणि मी दोघं मिळून सांगतो, बायकोला बोलावून सांगतो. रात्रीबेरात्री लागलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, तो मोबाईलमध्ये सेव्ह करूनच पाठवते.

सांगलीचं म्हणून एक वेगळं प्रकरण आहे ते म्हणजे पाणी. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५. तेव्हापासून जुलै आला आणि कोयनेतून विसर्ग वाढवला असा मेसेज ग्रुपवर फिरला की बाकावर बीपीवाले वाढतात. डॉक्टर गोळीचा डोस बघतात आणि मी विचारते घर कुठं. काकानगर, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, सगळे पाणी शिरणारे भाग. अशा माणसाचा डोस वाढवायच्या आधी त्याला रात्रीत किती वेळा उठून पातळी बघता हे विचारायला पाहिजे की नको?

उलटंही होतं बरं का. कायम थकवा, रडू येतं, कशात रस नाही म्हणून आलेली बाई मी आत पाठवते, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन करून घ्या म्हणून, आणि थायरॉइड निघतं. मी वेगळ्या बिल्डिंगमध्ये बसले असते तर महिनोन्‌महिने तिच्या बालपणावर बोलत बसले असते.

अडतं ते पैशापाशी. गोळीचे पैसे लोक देतात, 'नुसतं बोलायचे' पैसे कोण देणार! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मनाचे आजार शरीराच्या आजारांसारखेच धरायला लावलंय, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच्या, ओपीडीतल्या अर्ध्या तासाला कोण विचारतंय. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत (पीएचसी) हे न्यायचं हे तेव्हापासून कागदावर आहे, आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत उपचाराविना राहिलेले लोक ८० टक्क्यांच्या पुढंच. पीएचसीतल्या डॉक्टरला ट्रेनिंग दिलं तरी समोर रांग असताना तो कधी नऊ प्रश्न विचारणार? आमच्याकडं सध्या डॉक्टर त्यांच्या फीतूनच मला देतात, ते किती दिवस परवडेल ठाऊक नाही.

परवा जतकडच्या एका डॉक्टरांचा फोन आला, म्हणाले करायचंय पण दवाखान्यात जादा खोलीच नाही. मी म्हटलं दुपारी एक ते पाच तुमची खोली रिकामीच असते की, तीच द्या, तोवर पेशंटच्या यादीसाठी एक वही घाला.