सायलेन्सरचं बूच

कर्जतच्या पुढे पावसात भातखाचरांच्या कडेने डर्ट बाइक घातली, की लालबागला परत येते ती गाडी नसते, चिखलाचा गणपती असतो. धुणं आलंच. पण पंपाची धार सायलेन्सरच्या तोंडात जाऊ द्यायची नसते, ही अक्कल मला फार उशिरा आली. डर्ट बाइकचा सायलेन्सर मागे वर उचललेला. ओढ्यातून जाताना ती सोय, पण धुताना मागून मारलेलं पाणी थेट आत. आतल्या भोकाभोकांच्या नळीभोवती काचेच्या लोकरीचं पॅकिंग असतं. ते भिजलं की गाडी सर्दी झाल्यासारखी बोलते.

सुरुवातीला मी फडक्याचा बोळा कोंबायचो. एकदा तो इतका आत गेला की लांब तोंडाची पकड आणावी लागली. मग ठरवलं, रीतसर बूच आणायचं.

नागदेवी स्ट्रीटला रबराचं काय मिळत नाही? पण दुकानदाराचा पहिलाच प्रश्न, "साइज बोला." मी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करून दाखवला. त्याने त्या गोलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. तरी अंदाजाने एक घेऊन आलो. घरी ते तोंडावर नुसतं टेकलं. टू-स्ट्रोक इंजिनाच्या गाडीचं तोंड लहान, फोर-स्ट्रोकवाल्या गाडीचं मोठं, एवढ्या ऐकीव ज्ञानावर मी मोठं उचललं होतं.

बाबा गिरणीत लेथवर टर्नर होते. गिरणी गेली, व्हर्निअर राहिला, म्हणजे बारीक मापं घ्यायची जबड्यांची पट्टी, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. तो घेऊन ते चाळीचे दोन जिने उतरले. "बाहेरून काय मोजतोस? बूच आत जातं ना?" व्हर्निअरचे वरचे छोटे जबडे त्यांनी तोंडात घालून हलके उघडले. बाहेरून 45 मिलिमीटर दिसणारं तोंड आतून 28 भरलं. बाहेरचा तो सगळा जाड कडेचा डौल.

"खाली 25, वर 33, असं निमुळतं बघ. अर्धं आत, अर्धं बाहेर राहिलं पाहिजे. अख्खं आत गेलं तर काढणार कसं?" बोळ्याची गोष्ट त्यांना कोणी सांगितली, देव जाणे.

या खेपेला दुकानदार खूश झाला. लाल रंगाचं दिलं, लांबून दिसावं म्हणून. बाबांनी नियमही घालून दिले: सायलेन्सर गार झाल्याशिवाय लावायचं नाही, धुणं झालं की लगेच काढायचं, आतली वाफ कोंडली तर गंज धरतो.

मला आमची जुनी स्कूटर आठवली. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी ती परळला पाण्याखाली गेली होती. दुसऱ्या दिवशी आडवी केली तर सायलेन्सरमधून लोटाभर गढूळ पाणी आलं. मी म्हटलं, "बाबा, तेव्हा हे बूच असतं तर?"

"काय होणार होतं? कार्बोरेटरमधून शिरलंच असतं. एका भोकाला बूच लावून भागतं होय?"

पहिल्याच रविवारी मी बूच काढायला विसरलो. बटण दाबलं, इंजिनाने दोन आचके दिले आणि फट्! लाल बूच समोरच्या भिंतीवर आपटून गटाराच्या जाळीवर जाऊन थांबलं. गॅलरीतल्या काकूंनी कुंडीमागून डोकं वर काढून विचारलं, "आता कसले फटाके रे?"

बाबांनी ते उचललं, धुतलं आणि रुंद टोकाला दाभणाने आरपार नव्हे, कडेने एक भोक पाडलं. त्यात सुतळी ओवली, दुसऱ्या टोकाला गाडीची चावी बांधली. आता बूच सायलेन्सरमध्ये असलं की चावी मागे लोंबत असते.