केदारलिंगाच्या नाकातलं भोक

शिमग्याच्या आधी महिनाभर आमच्या देवरुखच्या दुकानात दागिन्यांची कामं मागं पडतात आणि गावोगावची रूपं येऊ लागतात. रूपं म्हणजे पालखीत लावायचे देवांचे चांदीचे मुखवटे. बहुतेकांना उजाळा, एखादा डाख म्हणजे धातूचा सांधा, सुटलेला कान, एवढंच काम असतं. यंदा आंबा घाटाच्या पायथ्याच्या एका गावचे मानकरी रूपांचा हडपा, म्हणजे पेटारा, घेऊन आले आणि म्हणाले, "शेट, ही आटवा नि नवीन करा. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाचं तसं ठरलंय. कौलही झालाय."

हे हल्ली फार वाढलंय. देवळावर स्लॅब पडला, टाइल्स लागल्या, की जुनी रूपंही डोळ्यांत खुपू लागतात. मशीनच्या ठशातले गुळगुळीत चेहरे हवे असतात, मग सगळ्या देवांचा चेहरा एकच झाला तरी चालतं. चांदीचा भाव चढल्यापासून तर लोक देवाकडेही तोळ्यांत बघतात.

आटवण्याआधी मुखवट्याच्या मागं आधाराला भरलेली लाख काढावी लागते, नाहीतर वजनात घोळ होतो. मंद आचेवर लाख सुटली की पत्र्याची पाठ दिसते. पुढून दिसतो तो देव, पाठीवर दिसतो कारागीर. ठोके कुठल्या बाजूने पडले, पत्रा कुठं पातळ झाला, फाटल्यावर ठिगळ कसं लावलं, सगळं तिथं असतं.

जाकमातेच्या मुकुटामागं आधाराला अख्खा राणीछाप रुपया डाखलेला निघाला. साल १८६२. हा रुपया बरोबर तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, ९१.७ टक्के चांदी. जुन्या सोनारांचा हुकमी माल. १८६२ चाच छाप टाकसाळीत १८७४ पर्यंत चालू होता. म्हणजे ती दुरुस्ती १८६२ च्या आधीची नाही, एवढं पक्कं. डाख पिवळट होता, त्यात पितळ जास्त पडलेलं.

तोच पिवळट डाख केदारलिंगाच्या रूपावर दोन ठिकाणी दिसला. एक मिशीमागं, मिशी वेगळ्या पत्र्याची, वरून बसवलेली. दुसरा डाव्या नाकपुडीत. आटवायचंच होतं, म्हणून दोन्ही डाख सोडवले. नाकातलं भोक गोल नव्हतं. ते खालच्या अंगाला लांबट झालेलं आणि त्याची खालची कड झिजून काचेसारखी झालेली. जड नथ वर्षानुवर्षं लोंबली, पालखी नाचवताना हिंदकळत राहिली, तरच चांदी अशी झिजते.

म्हणजे ही देवी होती. १८६२ नंतर कधीतरी तिला मिशी लागली.

केदारलिंग म्हणजे घाटावरचा जोतिबा, पन्हाळ्याजवळच्या वाडी रत्नागिरीचा. तिथलं आजचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलं. कोकणात त्याची ठाणी जागोजाग आहेत. सह्याद्री म्हणजे आडवी भिंत असं आपण धरून चालतो, पण याच घाटांनी बैलांवरून मीठ आणि सुकी मासळी वर जायची, धान्य आणि गूळ खाली यायचा. त्या वाटेनं जोतिबाही उतरला. पण तो आला तेव्हा इथलं ठाणं रिकामं नव्हतं, असं हे भोक सांगतं. दुसऱ्या गावची मोडीत निघालेली देवी या गावानं विकत घेतली असेल, हेही शक्य आहे. नुसत्या चांदीवरून ते ठरत नाही.

एका संग्रहालयातल्या जाणकारांना फोटो पाठवले. "लेख कोरलाय का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर विषय संपला. अक्षर नाही म्हणजे इतिहास नाही, या समजुतीपायी डोंगरातल्या गावांचं किती काय मुशीत गेलं असेल!

मानकऱ्यांना आणि गुरवकाकांना बोलावून पाठ दाखवली. काका बराच वेळ भोकावरून बोट फिरवत होते. मानकरी म्हणाले, "हे मांडावर, गाव जमतं तिथं, काढू नका. मिशी लावा, शिमगा तोंडावर आलाय."

मिशी लावली. पण डाख मऊ वापरला, म्हणजे पुढच्या कारागिराला ती चेहरा न दुखावता सोडवता येईल. भोक नुसत्या लाखेनं भरलं. रूपं आटवणार नाही, नवीन हवीत तर नवी चांदी आणा, हेही स्पष्ट सांगितलं. आता मंडळाची बैठक गणपतीत आहे. रुपयाचा फोटो घेऊन मी तिथं जाणारच आहे. केदारलिंगाच्या पाठीचा दाखवावा की नाही, ते अजून ठरत नाही.