उरलेल्या बश्या

आईच्या रुखवतात आलेल्या सहा कपबश्यांपैकी आता दोन कप आणि सहाच्या सहा बश्या शिल्लक आहेत. निळी बारीक फुलं, काठाला सोनेरी रेघ, आणि पालथं केलं की बेंगाल पॉटरीजचा शिक्का. कलकत्त्याचा तो कारखाना कधीच बंद पडला, त्यामुळे दुकानात जाऊन ‘असेच चार द्या’ म्हणायची सोय नाही.

कपच आधी का जातात, हे मला भांडी घासताना कळलं. कपाचा कान वेगळा घडवून ओल्या कपाला पातळ मातीने चिकटवतात. नळाला जरा ठोकर लागली की आधी तोच हातात येतो. बशीला कानच नाही! काठाचा टवका उडाला तरी ती सून बनून निमूट राबत राहते. आमच्याकडची एक दुधाच्या पातेल्यावर झाकण आहे, एकीत ठेचा असतो, एक तुळशीच्या कुंडीखाली गेली होती, ती मी धुऊन परत आणली.

तर मी कप शोधते. अमेरिकेत ग्रीन्सबरो गावी 1981 पासून एक कंपनी याच धंद्यावर चालते म्हणे: बंद झालेल्या नक्षीच्या कपबश्या विकायच्या. आमचं ग्रीन्सबरो म्हणजे भुसावळचा भंगारवाला. रेल्वेच्या बदल्या आणि निवृत्त्या झाल्या की क्वार्टर रिकामी होतात, आणि गोणपाटात गुंडाळलेलं कोणाकोणाचं चहापाणी त्याच्याकडे येतं. त्याच्या लेखी सगळाच माल विलायती. मी कप उजेडाकडे धरते आणि मागे बोट फिरवते. बोन चायना असेल तर बोटाची सावली दिसते, कारण त्या मातीत जाळलेल्या हाडांची राख असते. आईच्या कपाआड बोट दिसत नाही. साधी चिनी माती ती, पण मला तीच हवी आहे.

एकदा कपाऐवजी एक सुटी बशीच घेऊन आले. मागे इंग्रजीत ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’. महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात होता, तेव्हा परदेशी जाणाऱ्या मालावर असा शिक्का पडायचा. 1952 मध्ये ताबा संपला आणि शिक्काही. भंगारवाल्याला त्यातलं फक्त ‘जपान’ वाचता आलं, त्याचेच त्याने वीस रुपये जास्त लावले. घरी नवरा म्हणाला, ‘‘आणखी एक बशी?’’ त्याचंही बरोबर होतं.

जुन्या कपांच्या चकाकीवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावर, केसासारख्या भेगा असतात, त्यात चहा मुरतो. खाण्याच्या सोड्याने ते डाग बरेच जातात. त्यात लोणचं किंवा चिंचेचं काही मात्र मी ठेवत नाही, जुन्या चकाकीत कधीकधी शिसं असतं. सोनेरी रेघेचा कप मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही, हे मी एका ठिणगीनंतर शिकले. पण शोकेसमध्ये कोंडून ठेवणं मला जमत नाही. त्यातून रोज चहा पिते, म्हणून तर ते फुटतात, आणि म्हणून पुन्हा भुसावळ.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अखेर तिसरा कप मिळाला. तीच फुलं, निळा रंग किंचित फिका. अमळनेरहून आत्या आली होती. मी त्याच कपातून चहा दिला आणि समोर बसून राहिले. आत्याने कप उचलला, सगळा चहा बशीत ओतला, दोन फुरक्यांत संपवला आणि रिकामा कप बाजूला सारून म्हणाली, ‘‘बशी मोठी नही का? हाई धाकली पडस.’’