तुम्ही विचारलंत म्हणून: बर्रला बघण्यासारखं काय आहे?

मी आयर्लंडमध्ये, बर्रला राहते म्हटलं की पलीकडून येतं, "बरं, पण गावाचं नाव काय?" नऊ वर्षं हा विनोद ऐकते आहे, आता हसत नाही. त्यापाठोपाठ खरा प्रश्न येतो. तिकडे बघण्यासारखं काय आहे? युरोपची तिकिटं काढून झालेली असतात, डब्लिनचं हॉटेल ठरलेलं असतं, मोहरच्या कड्यांसमोर फोटो काढायचा हेही नक्की असतं. फक्त माझ्याकडे यायचं की नाही, एवढंच ठरायचं असतं. शेवटी मीच म्हणते, "राहू दे, मीच येते डब्लिनला भेटायला." दोन तास गाडी चालवते, कुठल्याशा कॅफेत चिवड्याचं पाकीट घेते आणि परत येते.

तर एकदाचं सांगते.

आमचं गाव साडेचार-पाच हजार वस्तीचं. रेल्वे होती, ती १९६३ला बंद झाली. वाड्याच्या आवारात हिरवळीवर दोन उंच दगडी भिंती उभ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये सोळा-सतरा मीटर लांबीची काळी नळी. वाड्याचा मालक असलेल्या तिसऱ्या अर्ल ऑफ रॉस या उमरावानं बांधलेली ही दुर्बीण, आरसा सहा फुटांचा. तो धातूचा आरसा इथेच ओतला, इथेच घासला. १८४५ साली हिच्यातून पहिल्यांदा एका तेजोमेघाचा सर्पिल आकार माणसाच्या नजरेला पडला. १९१७पर्यंत हिच्याएवढी दुर्बीण जगात दुसरी नव्हती. एवढं सगळं या ढगाळ गावात! आकाश मोकळं मिळायची वाट बघत तो माणूस किती रात्री बसला असेल, याचा विचार मी बऱ्याचदा करते, कारण कपडे वाळत घालताना माझीही तीच गत असते. आणि त्याच १८४५च्या शरदात बटाट्यावर रोग पडला. मग दुष्काळाच्या वर्षांत दुर्बीण बाजूला राहिली.

पाहुण्यांना मात्र मेरी वॉर्डची गोष्ट आवडते. ती अर्लची नात्यातली बहीण. सूक्ष्मदर्शकावर तिनं पुस्तक लिहिलं होतं, चित्रंही स्वतःच काढायची. १८६९मध्ये घरच्यांनीच बनवलेल्या वाफेच्या गाडीतून जाताना वळणावर खाली पडली आणि चाकाखाली गेली. स्वयंचलित गाडीच्या अपघातात जीव गेलेलं जगातलं पहिलं माणूस म्हणून तिचं नाव सांगतात. हे सांगितलं की कान टवकारतात. माणूस मेल्याशिवाय आपल्याला गाव बघण्यासारखं वाटत नाही की काय, कोण जाणे.

स्लीव्ह ब्लूमचे डोंगर आहेत, सर्वांत उंच जागा ५२७ मीटर. यावर कळसूबाई काढू नका, काढून झालेली आहे. लीप कॅसलमध्ये भुतं आहेत म्हणतात, पण तिथे लोक राहतात, आधी फोन करून जावं लागतं. भुतांकडेही अपॉइंटमेंट.

आणि लॉक बोरा. हे मला आमच्या नर्सिंग होममधल्या, म्हणजे वृद्धाश्रमातल्या, एका आजोबांनी दाखवलं, म्हणजे शब्दांनी. त्यांची हयात बॉगवर, म्हणजे दलदलीवर, पीट काढण्यात गेली. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून साचलेली काळी माती, वाळवून चुलीत जाळतात. इथली वीजसुद्धा त्यावर व्हायची. शॅननब्रिजचं वीजकेंद्र २०२०च्या अखेरीस बंद पडलं. सत्तरच्या दशकात बोराला पीट काढता काढता खाली माणसांच्या मुक्कामाच्या खुणा लागल्या, दगडी हत्यारं, चुली, जवळजवळ नऊ हजार वर्षांपूर्वीच्या. आता तिथे तळी आहेत, सायकलची वाट आहे आणि पीट वाहणाऱ्या जुन्या गाडीचंच केलेलं एक शिल्प आहे. आजोबा म्हणायचे, आम्ही सगळी माती काढून घेतली आणि आता लोक भोक बघायला येतात. मला मल्याळी समजूनच बोलायचे ते. इथे सगळेच समजतात. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं आहे.

एवढं असताना "तिकडे काही नाही" हे आमच्या नात्यागोत्यात पसरवलं कुणी? माझ्या बाबांनी. त्यांना कुणी विचारलं की ते म्हणतात, "हिरवं आहे. बास." महाडचा माणूस. हिरव्याचं कौतुक त्यांना काय म्हणून असावं?

खरं सांगायचं तर त्यांच्याआधी हे मीच पसरवलं होतं. पहिल्या वर्षी रोज रात्री फोनवर म्हणायचे, आई, इथे काही म्हणजे काही नाही गं, पाच वाजता दुकानं बंद. त्या मुलीला आज मी काय सांगणार? दुर्बीण तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती आणि ती एकदाही गेली नव्हती. पण ती खोटं बोलत होती असंही मला म्हणवत नाही. तिच्यासाठी नव्हतंच काही.

आईबाबा आले ते जूनमध्ये. मी त्यांना क्लॉनमॅकनॉइजला, एका जुन्या मठाच्या जागी नेलं. तिथली एक गोष्ट मला बाबांना दाखवायची होती, आणि त्यासाठी मी वर्षभर थांबले होते.

बाबा शाळामास्तर. दर वर्षी सहल एकच, रायगड, आणि तीही चालत, रोपवे आल्यानंतरसुद्धा. राजसदरेत ते आम्हा पोरांना सिंहासनाच्या जागेपाशी उभं करायचे, स्वतः पार नगारखान्याच्या दरवाज्यात जायचे आणि तिथून हळूच काहीतरी बोलायचे. ते आम्हाला स्वच्छ ऐकू यायचं. पाचवीत त्यांनी माझे गणिताचे मार्क असे सांगितले होते, अख्ख्या वर्गासमोर. आणि क्लॉनमॅकनॉइजच्या कॅथीड्रलला असाच एक दरवाजा आहे. चौकटीच्या एका अंगाला तोंड लावून कुजबुजलं की दुसऱ्या अंगाला कान लावणाऱ्याला ऐकू येतं. कुष्ठरोगी तिथे लांबून पापांची कबुली द्यायचे, अशी कथा आहे. मी बाबांना आधी काहीच सांगितलं नव्हतं.

ऊन होतं, तरी बाबांनी माकडटोपी काढली नव्हती. शॅनन नदी शेजारून संथ वाहत होती. मी बोलत सुटले: सहाव्या शतकातला मठ, संत किआरननं स्थापलेला, मोठे कोरीव क्रूस, त्यांतले मूळचे आत ठेवलेत आणि बाहेर प्रतिकृती. हा गोल मनोरा, याचा माथा ११३५ साली वीज पडून गेला. आणि १५५२ साली अथलोनच्या छावणीतल्या इंग्रजांनी सगळं लुटून नेलं, घंटासुद्धा सोडल्या नाहीत. हे वाक्य मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. रायगडावर १८१८ साली तोफा डागणारेही तेच, हे बाबा आता बोलणार, मग आम्ही दरवाज्याकडे जाणार.

बाबा थडग्यांमधून फिरले, छप्पर नसलेल्या एका देवळात डोकावले आणि म्हणाले, "पडकं आहे सगळं."

मी म्हटलं, "रायगडावर तरी काय उभं आहे बाबा? जोतीच ना?"

नगारखाना उभा आहे. जगदीश्वराचं देऊळ उभं आहे. मला ते माहीत नव्हतं का? आणि ज्या माणसानं दर वर्षी चाळीस पोरांना उन्हात उभं करून "जोती बघू नका, वाडे बघा" असं सांगितलं, त्यालाच मी हे ऐकवलं.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुढे केला. "गाडीची किल्ली दे."

मी दिली. ते जाऊन गाडीत बसले, काच वर करून, अर्धा-पाऊण तास. दरवाज्यापाशी मी आईला घेऊन गेले, कारण काहीतरी करायला हवं होतं. तिला एका बाजूला उभं केलं, म्हटलं, हळू बोल, काहीही बोल. मी पलीकडे दगडाला कान लावला. दरवाजा अगदी सांगतात तसाच आहे. आई म्हणाली, "असं बोलायला नको होतंस."

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना काळी बॉग होती आणि गाडीत कुणी बोलत नव्हतं.

कधी मला वाटतं, चूक त्यांची होती. लेकीनं एवढ्या हौशीनं आणलंय तर माणूस दोन शब्द बरे बोलतो. कधी वाटतं, ते दगडांबद्दल बोलतच नव्हते. आदल्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं होतं, परत यायचं काय ठरवलंयस. मी म्हटलं होतं, नागरिकत्वाचा अर्ज केलाय. त्यावर त्यांनी फक्त आमटी वाढून घेतली होती. पण हे मी नंतर जोडलेलं आहे. कदाचित त्यांना ते खरंच पडकं दिसलं असेल. पडकं आहेच ते.

आता त्यांचे गुडघे गेले, पुन्हा यायचा प्रश्नच नाही. मी त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाही, तेही नाही.

मागच्या महिन्यात मात्र मध्येच त्यांचा फोन आला. इथे येणारे कुणी नवराबायको त्यांच्याकडे चौकशी करायला आले होते.

"तो वीज पडलेला मनोरा, कुठलं साल म्हणाली होतीस?"

"११३५."

"हं," म्हणाले, आणि मग लाइटबिल किती आलं ते सांगत बसले.