लांबच्या सायकल प्रवासात बिनतारी कॉम्प्युटर: सेन्सर कुठे बसवावा

किनाऱ्यालगतच्या सपाट रस्त्याने निघायचे, घाट चढून पठार गाठायचे आणि जंगलातून पुन्हा खाली उतरायचे, असा आमचा मार्ग होता. सामान सायकलींवरच बांधलेले होते आणि प्रत्येकाच्या हँडलबारवर वेग आणि अंतर दाखवणारा, वेगळ्या जातीचा बिनतारी कॉम्प्युटर होता, त्यामुळे एकाच रस्त्यावर आणि एकाच हवेत ही उपकरणे कशी वागतात हे शेजारी-शेजारी पाहता आले. अशाच प्रवासाला निघणाऱ्यांसाठी त्यातले उपयोगाचे तेवढे येथे लिहीत आहे.

सर्वांत साधा कॉम्प्युटर स्पोकवर चुंबक आणि फोर्कवर, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यावर, सेन्सर अशा रचनेचा होता. चुंबक समोरून गेला की सेन्सरमधला रीड स्विच मिटतो आणि एक फेरी मोजली जाते. या जुन्या पद्धतीचा संदेश क्षीण असतो. बहुतेक संचांत तो साठ-सत्तर सेंटिमीटरपलीकडे पोहोचत नाही, म्हणून सेन्सर पुढच्या फोर्कवरच आणि चुंबकाशी जुळेल तितका वर बसवावा लागतो. चुंबक आणि सेन्सर यांत काही मिलिमीटरांचेच अंतर ठेवावे. हँडलबारवर पिशवी लावायची असेल तर ती भरून लावल्यानंतरच कॉम्प्युटरची जागा ठरवावी, कारण पिशवीसाठी तो वर किंवा बाजूला सरकवला की सेन्सरपासूनचे त्याचे अंतर नकळत वाढते. बोगद्यात शिरताना एलईडी दिवा लावताच या कॉम्प्युटरवरचा वेग अशक्य आकड्यांवर उड्या मारू लागला. दिवा हँडलबारच्या दुसऱ्या टोकाला नेल्यावर तो स्थिरावला. अशा दिव्यांतील विद्युत मंडलाचा उपद्रव जवळच्या क्षीण संदेशाला होतो, तेव्हा ही चाचणी निघण्यापूर्वीच अंधारात करून पाहावी.

अँट प्लस (ब्लूटूथसारखीच एक बिनतारी पद्धत) आणि ब्लूटूथ यांवर चालणारे सेन्सर २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. त्यांचा पल्ला काही मीटरांचा असल्याने जागा निवडण्याची मोकळीक अधिक मिळते, मात्र पाणी या लहरी शोषून घेते आणि माणसाचे शरीर बव्हंशी पाण्याचेच असते. आमच्यातील एकजण फोनवरच नोंद ठेवत होता. फोन हँडलबारवर होता तोवर सर्व सुरळीत चालले. पाऊस आल्यावर तो पाठीच्या खिशात गेला आणि पुढच्या चाकावरील सेन्सरच्या नोंदीत खंड पडू लागले. फोन पाठीवर ठेवायचाच असेल तर वेग नोंदवणे वेगळ्या कॉम्प्युटरवर सोपवावे. सेन्सरची जोडणीही घरून एकट्याने करून निघावी. सर्वजण जमल्यावर जोडणी केली, तर कॉम्प्युटर शेजाऱ्याचाच सेन्सर पकडण्याची शक्यता असते.

घाटात खरा फरक दिसला. जीपीएस ठरावीक क्षणांची स्थाने घेऊन ती सरळ रेषांनी जोडते, त्यामुळे नागमोडी वळणे आतून कापली जातात. कड्याखाली आणि दाट झाडीत स्थान भरकटते, तर बोगद्यात ते मिळतच नाही. चाकावरचा सेन्सर फेऱ्या मोजतो, त्याला आकाश दिसण्याची गरज नसते. पठारावर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले आणि घाटात मात्र जीपीएसचे अंतर कमी भरले. अमुक किलोमीटरवर डावीकडे वळावे अशा टिपणावर जे रस्ता शोधतात, त्यांनी जीपीएस असला तरी वेगाचा सेन्सर लावावा, असे माझे ठाम मत आहे.

अर्थात त्यासाठी चाकाचा परीघ अचूक भरलेला हवा. ७००×२५ टायरसाठी तक्त्यांत २१०५ मिलिमीटर आणि ७००×३२ साठी २१५५ मिलिमीटर दिलेले असतात. टायर बदलून आकडा तसाच ठेवला तर प्रत्येक शंभर किलोमीटरमागे दोन किलोमीटरांहून अधिक फरक पडतो. तक्त्यापेक्षा स्वतःचे माप चांगले. नेहमीइतकी हवा भरून, सामान लादून आणि स्वतः बसून, व्हॉल्व्ह अगदी खाली असताना जमिनीवर खूण करावी, सरळ रेषेत चाकाच्या काही फेऱ्या होईपर्यंत सायकल चालवावी आणि एकूण अंतराला फेऱ्यांनी भागावे. भाराने टायर दबतो, म्हणून रिकाम्या सायकलीचे माप किंचित जास्त येते.

हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, रबरी पट्ट्याने बसणारा चुंबकरहित सेन्सरही प्रवासात पुढच्या चाकावरच लावावा. खडी असलेल्या चढावर मागचे चाक जागच्या जागी घसरते आणि तेवढ्या फेऱ्या खोट्या मोजल्या जातात. मागचे चाक हवे ते घरातल्या ट्रेनरसाठी, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवण्याच्या स्टँडसाठी. पुढे डायनॅमो हब (वीज तयार करणारा हब) असेल तर त्याच्या जाड अंगावर हा पट्टा बहुधा बसत नाही, तेथे स्पोकवरचा चुंबकच बरा. कॅडन्सचा, म्हणजे पेडल फिरवण्याचा वेग मोजणारा, सेन्सर डाव्या क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) आतल्या बाजूस बांधावा आणि पेडल हाताने उलटे फिरवून तो चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला) किंवा बुटाला घासून जातो का हे पाहावे. केबल टायची टोके हे सारे तपासल्यावरच कापावीत.

उंचीबद्दल थोडेसेच. काही कॉम्प्युटर ती हवेच्या दाबावरून काढतात. हा दाब एक हेक्टोपास्कलने बदलला तर कमी उंचीवर साधारण आठ मीटरांचा फरक दिसतो, म्हणून मुक्कामानंतर सकाळी, ठाऊक असलेल्या उंचीवर आकडा पुन्हा लावून घ्यावा.

परतीला सायकली वाहनातून आणल्या. हादऱ्यांनी हबवरचे सेन्सर जागे राहून बॅटरी खातात, म्हणून ते काढून ठेवावेत आणि सीआर २०३२ ची एक जादा बॅटरी जवळ असू द्यावी. पुढचे चाक परत बसवताना ते उलटे बसले तर चुंबक सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जातो. चाक हाताने फिरवून आकडा उमटतो याची खात्री करावी आणि त्यानंतरच सामान चढवावे.