विसार परत मिळत असताना दावा कशासाठी?

सारंगखेड्याच्या यात्रेत, म्हणजे तिथल्या घोडेबाजारात, मी एका घोडीचा सौदा केला, विसार म्हणून आगाऊ रक्कम दिली, आणि विकणाऱ्याने ती दुसऱ्यालाच दिली. त्या यात्रेचा विषय निघाला की मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात: विकणारा विसार परत देत होता तर घेऊन मोकळे का झाला नाहीत, आणि फसवले होते तर पोलिसांत का गेला नाहीत? तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदाचे लिहितो.

पोलिसांत गेलो होतो. वाद दिवाणी आहे, असे सांगून त्यांनी परत पाठवले. तेव्हा संताप आला. पण फसवणुकीच्या गुन्ह्याला सौद्याच्या वेळीच लबाडीचा हेतू असावा लागतो, आणि त्या दिवशी त्याला घोडी खरोखरच द्यायची होती, असे मला आजही वाटते.

१,४०,००० रुपयांना ठरलेली ती कुमेत (तांबूस-तपकिरी), पंचकल्याण (चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेली) घोडी ४०,००० रुपये विसार देऊन मी त्याच्याच दावणीला ठेवली, कारण माझ्या पागेवर पत्रे चढायचे होते. बाराव्या दिवशी उरलेली रक्कम आणि टेम्पो घेऊन गेलो, तेव्हा खुंट्याला पिछाडीची दोरी गुंडाळून ठेवलेली होती आणि तोबऱ्याच्या तळाशी दोन-चार भिजलेले हरभरे चिकटलेले होते. 'काल गेली,' एवढेच त्याचा मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला. तिच्या मापाचा करून घेतलेला, तोंडावर चढवायचा मोरखा हातात धरून मी त्या खुंट्यापाशी उभा राहिलो. टेम्पोवाल्याने दोनदा हाक मारली, ती ऐकूनही मला हलता येईना.

१९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ५८ प्रमाणे नेमकी ठरलेली वस्तूच देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते, म्हणून मी घोडीच मागणार होतो. वकिलांनी कलम ३० दाखवले: विकलेला माल विकणाऱ्याच्याच ताब्यात राहिला आणि त्याने तो आधीच्या सौद्याची कल्पना नसलेल्या प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या हवाली केला, तर त्या गिऱ्हाइकाचा हक्क पक्का होतो. म्हणजे पत्र्यांसाठी थांबलो तिथेच मी घोडी गमावली. विसारपावतीवर मी तिचे दात आणि अंगावरच्या केसांचे भोवरे लिहून घेतले होते, ताब्याची तारीख मात्र नाही. यात दोष माझाच, हे कबूल करतो, तरी दिलेला शब्द त्याने मोडला हे त्यामुळे पुसले जात नाही.

उरला तो कलम ५७ खालचा भरपाईचा दावा, तोही तीन वर्षांच्या आत: ताबा द्यायच्या दिवशीचा बाजारभाव आणि आमचा भाव यांतला फरक, शिवाय विसार. दुसऱ्याने तिचे १,७५,००० मोजले, असे ऐकतो. विसार परत देताना 'आता काही येणे नाही' असे लिहून मागत होता, म्हणून मी तो घेतला नाही. परवा त्याचा तोच निरोप पुन्हा आला आहे. घरचे म्हणतात, सही करा. मी अजून उत्तर दिलेले नाही.