तुम्ही विचारलंत म्हणून: सगळीकडून नकार आले, मे उजाडला, आता परवडणारं कॉलेज मिळेल का?

एप्रिल संपता संपता मला फोन येऊ लागतात. कुणी मंडळातलं असतं, कुणी मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून नंबर घेतलेलं. मी न्यू जर्सीत राहते, माझ्या दोन्ही मुली इथेच शिकल्या, आणि आता आसपासच्या मुलांच्या कॉलेजच्या कागदपत्रांत मदत करते. फोनवरचा प्रश्न साधारण असा असतो: "काकू, जिथे जायचं होतं तिथून सगळे नकार आले. एका ठिकाणी प्रवेश आहे, पण फी झेपणारी नाही. प्रवेश पक्का करायची तारीख, एक मे, तर आलीच. आता काही होईल का?"

होईल. हे मी नुसता धीर द्यायला म्हणत नाही.

आपल्या घरांतून जी पंधरा-वीस नावं फिरत असतात, त्यांच्यावरून आपण अख्ख्या अमेरिकेचा अंदाज बांधतो. शंभरातल्या पाच जणांनाच प्रवेश देणारी कॉलेजं मूठभर आहेत. चार वर्षांच्या बहुसंख्य कॉलेजांत अर्ज करणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलांना प्रवेश मिळतो. शिवाय या देशात एका वर्षात सर्वांत जास्त बाळं जन्मली ती २००७ साली, ४३ लाखांच्या वर. त्यानंतर मंदी आली आणि जन्मांचा आकडा घसरत गेला. २००७ची मुलं २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली. म्हणजे हायस्कूल संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांची संख्या इथून पुढे उतरतीला लागली आहे, आणि कितीतरी बऱ्या कॉलेजांना मे-जूनमध्ये वर्ग भरण्याची काळजी असते.

या मोकळ्या जागांची यादीसुद्धा असते. प्रवेश अधिकारी आणि शाळांचे काउन्सेलर यांची नॅकॅक नावाची राष्ट्रीय संघटना दरवर्षी मे महिन्यात 'कॉलेज ओपनिंग्ज अपडेट' प्रसिद्ध करते. कुठे पहिल्या वर्षाला जागा आहेत, कुठे ट्रान्सफर म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून येणारी मुलं घेतात, आर्थिक मदत उरली आहे का, राहायची सोय आहे का, हे त्यात कॉलेजवार दिलेलं असतं. यादी फुकट आहे. त्यात शेकडो कॉलेजं असतात आणि आपल्या लोकांना ती माहीतच नसते, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. आणखी एक. दुसरीकडे डिपॉझिट भरलेल्या मुलाला एक मेनंतर ओढायचं नाही, असा नियम याच संघटनेच्या आचारसंहितेत होता. सरकारच्या न्याय खात्याने स्पर्धेच्या कायद्यावरून हरकत घेतल्यावर २०१९ मध्ये तो काढून टाकला. त्यामुळे एक मेनंतरही पैशांबद्दल बोलणी होऊ शकतात.

आता खरा मुद्दा. नोव्हेंबरात यादी करताना आपण आधी नाव बघतो, मग विषय, मग हवामान, आणि फीचं बघू पुढे. मे महिन्यात हा क्रम उलटा करावा लागतो. पहिला प्रश्न पैशांचा, आणि तोही चार वर्षांच्या पैशांचा. नावाचा प्रश्न सगळ्यांत शेवटी. हे ऐकताना आईवडिलांचा चेहरा पडतो, मला कळतं. सतरा वर्षं एक स्वप्न जपलेलं असतं. पण घाईत घेतलेला कर्जाचा निर्णय त्या मुलाच्या पस्तिशीपर्यंत पुरतो, आणि नकारांचं दुःख बहुतेक मुलांच्या बाबतीत पहिल्या सेमिस्टरनंतर मागे पडलेलं मी पाहिलं आहे.

नावाबद्दल एक अभ्यास मी नेहमी सांगते. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं की नामांकित कॉलेजात प्रवेश मिळूनही जी मुलं कमी नावाच्या कॉलेजात गेली, त्यांची पुढची कमाई नामांकित कॉलेजात गेलेल्या तशाच मुलांएवढीच होती. गरीब घरांतल्या मुलांना मात्र मोठ्या नावाचा फायदा झाला होता, हेही त्यांनीच नोंदवलं. तेव्हा घरची परिस्थिती खरोखर बेताची असेल, तर भरपूर मदत देणाऱ्या श्रीमंत कॉलेजाचा नाद पुढेही सोडू नका. ट्रान्सफरची वाट आहेच. मध्यमवर्गीय घराने मात्र नावासाठी घर गहाण टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

किंमत कशी काढायची? छापील फी बघून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. केंद्र सरकारची मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजाला २०११ पासून आपल्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. घरचं उत्पन्न आणि मुलाचे गुण भरले की स्कॉलरशिप वजा जाता अंदाजे किती भरावं लागेल ते कळतं. मग मुलाने स्वतः प्रवेश कार्यालयाला फोन करायचा. आईने नाही, बाबांनी नाही. फॉलसाठी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रासाठी, जागा आहे का, मेरिट स्कॉलरशिपचे पैसे शिल्लक आहेत का, ती चारही वर्षं मिळते का आणि ती टिकवायला जीपीए (गुणांची सरासरी) किती लागतो, डॉर्म म्हणजे वसतिगृह मिळेल का, एवढं विचारायचं. उशिरा अर्ज करणाऱ्याला जागा मिळते, पण मेरिटचे पैसे आणि डॉर्म आधी संपतात, म्हणून हे स्पष्ट विचारावं लागतं. पहिल्या वर्षाला घसघशीत सूट आणि दुसऱ्या वर्षी ती गायब, असंही होतं. म्हणून उत्तर लेखी, ईमेलवर मागून घ्या.

कॉलेज खरं आहे ना, याचीही खात्री करा. उशीर झालेल्या घाबऱ्या घरांना गाठणाऱ्या नफेखोर संस्था असतात. मान्यता आहे का ते शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर दिसतं. किती मुलं पदवी पूर्ण करतात आणि बाहेर पडताना डोक्यावर किती कर्ज असतं, ते सरकारच्याच कॉलेज स्कोअरकार्डवर मिळतं. निम्म्याहून जास्त मुलं पदवीविना बाहेर पडत असतील, तर फी कितीही कमी असो, मी ते नाव यादीतून काढते.

फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भरायचा राहिला असेल तर आजच बसा. राज्याच्या आणि कॉलेजच्या तारखा कदाचित उलटून गेल्या असतील, पण केंद्राची शेवटची तारीख ते शैक्षणिक वर्ष संपतानाची ३० जून असते, म्हणजे अजून वर्षभर लांब. पेल ग्रँट (न फेडायची सरकारी मदत) आणि सरकारी कर्ज हातचं गेलेलं नाही. वडिलांची नोकरी गेली असेल आणि फाफ्सात दोन वर्षांपूर्वीचा पगार दिसत असेल, तर आर्थिक मदत कार्यालयाला पत्र लिहा. खास परिस्थिती बघून हिशोब बदलण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिला आहे. ले-ऑफ झाल्याचं लिहायला आपल्या लोकांना फार संकोच वाटतो. तिथे बसलेल्या माणसाला त्यात नवल काहीच नसतं.

कर्जाची माझी मर्यादा सरळ आहे. पालकांवर अवलंबून असलेल्या मुलाला सरकारी कर्ज पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर मिळतं, चार वर्षांचं मिळून २७,०००. त्याच्या आत भागत असेल तर ते कॉलेज परवडणारं. त्यावर पालकांच्या नावावर पॅरेंट प्लस कर्ज काढायला लागत असेल, तर मी थांबायला सांगते. नव्या कायद्याप्रमाणे १ जुलै २०२६ पासून या कर्जालाही एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आली आहे. त्याच्या पलीकडे खाजगी कर्ज उरतं, आणि ते मला नकोच वाटतं.

हे सगळं करूनही आकडा बसत नसेल, तर काउंटी कॉलेज, म्हणजे आपल्या काउंटीचं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. इथे फोनवर शांतता पसरते. माझी धाकटी लेक काउंटी कॉलेजातून रटगर्स या राज्याच्या विद्यापीठात गेली, म्हणून मी हे अधिकारवाणीने सांगू शकते. पहिल्या वर्षीच्या तिच्या केमिस्ट्रीच्या वर्गात मुलं इतकी कमी होती की सर प्रत्येकाला नावाने ओळखत. शेजारच्या बाकावर रात्रपाळी करून आलेली दोन मुलांची आई बसायची. अभ्यास म्हणजे काय असतं, हे ती त्या बाईकडून शिकली.

न्यू जर्सीत अशी अठरा कॉलेजं आहेत. आपली नकार मिळालेली मुलं वर्गात हुशारच असतात, आणि इथेच एक गोष्ट हातातून निसटते. हायस्कूलच्या वर्गात पहिल्या १५ टक्क्यांत येणाऱ्या मुलांसाठी राज्याची एनजे स्टार्स योजना आहे; आपल्या काउंटी कॉलेजची ट्यूशन त्यातून भागते. आणि २००८ पासून राज्यभराचा ट्रान्सफर करार आहे: तिथली एए किंवा एएस ही दोन वर्षांची पदवी घेऊन सरकारी विद्यापीठात गेलं की ते सगळे क्रेडिट निम्मी पदवी म्हणून धरावे लागतात. दोन सावधगिऱ्या. एएएस ही नोकरीच्या दृष्टीने आखलेली पदवी या करारात येत नाही, अक्षर एकच जास्त पण वर्ष वाया जाऊ शकतं. आणि क्रेडिट धरले जातात, प्रवेश आपोआप मिळत नाही. अर्ज करावाच लागतो. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर कॅल्क्युलस आणि फिजिक्सची साखळी पहिल्याच सेमिस्टरपासून लावून घ्या.

कॅलिफोर्नियातल्या भाच्या-पुतण्यांसाठी विचारता, तर तिथली सोय आणखी चांगली आहे. ११६ कम्युनिटी कॉलेजं (आपल्या काउंटी कॉलेजांसारखीच), रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे तीस युनिटांचं वर्ष १,३८० डॉलरांत. यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसांत अटी पूर्ण केल्या की ट्रान्सफरची हमी मिळते; काही विषय त्यातून वगळलेले आहेत. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो या हमीत नाहीत.

पश्चिमेकडच्या राज्यांत राहत असाल तर डब्ल्यूयूई (वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्सचेंज) ही योजनाही बघा. शेजारच्या राज्यातल्या सहभागी सरकारी कॉलेजात रहिवाशांच्या फीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेत नाहीत, एरवी बाहेरच्यांना कितीतरी पट मोजावे लागतात.

एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या एच-१बी सारख्या कामाच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर असलेल्या मुलांचं वेगळं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. त्यांना फाफ्साची मदत किंवा सरकारी कर्ज मिळत नाही, आणि खाजगी कर्जाला बहुतेक वेळा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला सहीदार लागतो. म्हणजे कर्जाचा मार्ग जवळजवळ बंद. पण अनेक राज्यांत त्यांना इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) लागू शकते, आणि कॉलेजच्या स्वतःच्या मेरिट स्कॉलरशिपला बऱ्याच ठिकाणी नागरिकत्वाची अट नसते. रेसिडेन्सी ठरवणाऱ्या कार्यालयाला थेट विचारा, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नका. एकविसावं वर्ष पूर्ण झालं की एच-४ संपतो आणि एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा करावा लागतो. त्यानंतरही इन-स्टेट फी राहील का, हा प्रश्न प्रवेश घेतानाच विचारून ठेवा.

वेटलिस्टवर थांबू का, असंही विचारतात. थांबा, पण दुसरीकडे डिपॉझिट भरून. आणि तिथून बोलावणं आलंच तर मेरिटचे पैसे क्वचितच मिळतात हे धरून चाला. एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज करायचा असेल तर तेही चालेल. फक्त त्या वर्षात वेळ घालवायला म्हणून कॉलेजचे कोर्स घेऊ नका. हायस्कूलनंतर घेतलेल्या क्रेडिटांमुळे बरीच कॉलेजं त्या मुलाला ट्रान्सफर धरतात, आणि मोठ्या स्कॉलरशिप बहुधा पहिल्या वर्षाच्या मुलांसाठीच असतात.

आज आणखी एक काम करा. शाळेच्या काउन्सेलरला गाठा आणि नव्या अर्जांसाठी ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रक) व शिफारसपत्र पाठवायला सांगून ठेवा. इथल्या शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटतात, आणि मग सप्टेंबरपर्यंत काउन्सेलर भेटतीलच असं नाही. बाकीचं आपण रविवारी कागद समोर ठेवून बघू. मुलालाही घेऊन या.